नसलेल्या झाडांना वळसा

जंगलात शिरण्याआधी बाई हात जोडायच्या नाहीत की काही पुटपुटायच्या नाहीत. कडेच्या एखाद्या दगडावर बसायच्या, डोळे मिटायच्या आणि गप्प राहायच्या. आम्ही मागे टेप, सुतळी, पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे. पहिल्या खेपेला मला वाटलेलं, चढून दमल्या असतील. बराच वेळ झाला तशी मी विचारलं, "बाई, सुरू करायचं का मोजायला?"

डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "थांब जरा. आधी त्यांचं होऊ दे."

"कुणाचं?"

"आपण त्यांना मोजायला आलो ना? मग त्यांनाही आपल्याला मोजू दे. किती जण आत गेलो, ते बाहेर कुणाला तरी ठाऊक असलेलं बरं."

हे त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. तेव्हा मी हसले. संध्याकाळी उतरताना मात्र लक्षात आलं, आपण सारखं मागे वळून बघतोय. आणि तेही माणसं मोजायला.

बाई म्हणजे कल्याणच्या कॉलेजात आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायच्या त्या. राहायच्या ठाण्यात, कोपरीला, स्टेशनच्या इतक्या जवळ की घोषणा सुरू झाली की बोलणं अर्ध्यावर सोडावं लागायचं. लग्न केलं नव्हतं. उंच, हडकुळ्या, मान कायम थोडी पुढे, पलीकडच्या खोलीत कुणी बोलतंय आणि ते नीट ऐकू येत नाही अशी. मी आंबिवलीची. वडील कारखान्यात, आई घरी शिवणकाम करायची, आणि आमच्या चाळीत सायन्सला गेलेली मी पहिली मुलगी. त्यामुळे बाई एकदा आमच्या घरी येणार म्हटल्यावर आईने दोन दिवस घर घासलेलं.

बाई आल्या. आईने जय भीम केला, बसायला घरातली एकुलती एक लाकडी खुर्ची पुढे केली. बाईंनी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला, नाक जवळ नेलं आणि म्हणाल्या, "शिवणीच्या झाडाची आहे ही. डोंगरातली." मग शांतपणे खाली सतरंजीवर मांडी घालून बसल्या. चहा घेतला, माझं कौतुक केलं, गेल्या. त्या गेल्यावर आईने ती खुर्ची उचलली आणि बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली.

"का गं?" मी विचारलं.

"काही नाही," आई म्हणाली. "पण त्यांनी तिच्याकडे बघितलं ना, तसं आपण कुणी आधीच बसलेलं असलं की बघतो."

ती खुर्ची आठवडाभर बाहेरच होती. मग पावसाचे दिवस आले म्हणून आत घेतली.

बाईंच्या घरी एकही कुंडी नव्हती. वनस्पतिशास्त्राच्या बाई आणि गॅलरीत साधी तुळससुद्धा नाही, याचं आम्हा पोरींना फार आश्चर्य. एकीने धीर करून विचारलं तर म्हणाल्या, "कुंडीतल्या झाडाला दुसरा उद्योग नसतो गं. दिवसभर आपल्यालाच बघत बसतं." प्रॅक्टिकलला त्या डोळ्यांवर रुमाल बांधायला लावायच्या आणि साल हुंगायला द्यायच्या. बेहडा, किंजळ, हेद, धावडा. चुकलो तर रागवायच्या नाहीत. पुन्हा हुंगायला द्यायच्या. "नाव विसरलात तर पुस्तकात सापडेल. वास कुठे शोधाल?"

माझं एमएस्सी झालं आणि त्याच सुमारास बाईंना एक छोटं काम मिळालं. मुरबाडच्या पुढे, सह्याद्रीच्या उतारांवरच्या जंगलात झाडांच्या किती जाती उरल्यात ते बघायचं. हे जंगल कुणी लावलेलं नाही, आपसूक आलेलं. पण माणसाने वागवलेलं. म्हणजे पूर्वी तिथे पट्ट्यापट्ट्याने तोड व्हायची. तोडताना साग राखायचा आणि बाकीची झाडं किरकोळ म्हणून काढून टाकायची, की सागाला ऊन आणि जागा मिळते. खालचे पट्टे असे पुन्हा पुन्हा साफ झालेले. मधले एखाददुसऱ्या वेळी. आणि अगदी वर, कड्याच्या पोटाशी, एक तिरका पट्टा होता, तिथला उतार इतका की कुऱ्हाडवाल्यांनी नाद सोडला असावा. तो तसाच राहिलेला. आम्ही प्रत्येक पट्ट्यात सुतळीने चौकोन आखायचो आणि आतल्या एकेका झाडाचा छातीच्या उंचीला घेर मोजून नाव लिहायचो. एवढंच काम.

माणसं आम्ही तीन. बाई, मी, आणि जीपवाला दादा. दादा बाळकुमचा, आगरी. आजोबांच्या काळी शेती आणि मिठागर, वडिलांनी जमीन दिली, तिच्यावर टॉवर उभे राहिले. दादाला काम करायची तशी गरज नव्हती, पण घरात बसून जीव कावतो म्हणून भाड्याने जीप चालवायचा. गडी धिप्पाड, गळ्यात जाड साखळी, आणि बाईंपुढे एकदम शाळेतलं पोर.

बाईंचा आणखी एक नियम होता. आत गेल्यावर कुणाला नावाने हाक मारायची नाही. "खरं नाव इथे टाकून जायचं नाही," असं म्हणायच्या. त्याऐवजी प्रत्येकाला एक झाड. दादा ऐन झाला, कारण त्याच्या टाचांना ऐनाच्या सालीसारख्याच भेगा होत्या. मी कुंभा. "कुंभ्याची साल जाड असते. वणवा लागून गेला तरी तो पुन्हा पालवतो. तुला पुढे उपयोगी पडेल," असं म्हणालेल्या. स्वतःला त्यांनी वावळ घेतलं. मी म्हटलं, "बाई, वावळीचा पाला केवढा घाण वास मारतो!"

"चुरगळल्यावर," बाई म्हणाल्या. "मला कुणी चुरगळलं नाही तर मीही मारत नाही."

दादा एवढा हसला की खालून कुत्री भुंकायला लागली.

सागाच्या पट्ट्यातलं मला अजूनही नीट सांगता येत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला सागाची पानं गळून जातात आणि खाली पापडासारखी पसरून राहतात. ताटाएवढी पानं. पाऊल टाकलं की मोठ्याने मोडतात. तिघं चालतोय तर तिघांचा आवाज यायला हवा. पण आपण थांबलं की आवाज लगेच थांबत नाही. जरासा उशिरा थांबतो. मी हे पहिल्यांदा बोलून दाखवलं तेव्हा बाईंनी नुसती मान हलवली, म्हणजे त्यांना ते माहीत होतं. पक्षी जवळपास नाहीत. सगळे खांब एकाच जाडीचे, एकाच रंगाचे, आणि कुठल्याही दिशेला बघितलं तरी तेच. माझ्या कागदावर साग, साग, साग. दुपारपर्यंत तो शब्द मला परका वाटायला लागायचा.

तिथेच मी बाईंना पहिल्यांदा वळसा घालताना बघितलं.

मी सुतळीचं एक टोक धरून उभी होते. दुसरं टोक घेऊन बाईंनी सरळ पुढे जायचं होतं. मधे काही नव्हतं, सपाट जमीन आणि वाळकी पानं. अर्ध्या वाटेवर बाई अंग चोरून बाजूला झाल्या, गर्दीत कुणाला वाट द्यावी तशा, अर्धगोल फिरल्या आणि पुन्हा रांगेत आल्या. पुढे गेल्यावर पुन्हा तसंच.

"बाई, रेघ वाकडी येतेय," मी ओरडले.

"येणारच. मधे किंजळ आहे ना."

मी बघत राहिले. बाईही थबकल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "होता."

मी सुतळी खाली ठेवली आणि त्या जागी जाऊन पायाने पानं सारली. जमीन मऊ लागली. काठीने टोकरलं तर आत तांबूस भुगा, कुजून गेलेलं लाकूड. बुंध्याचा जुना गोल मातीत हरवत चाललेला, पण होता. या कामाआधी बाई त्या डोंगरावर कधीच आलेल्या नव्हत्या. मी दुसऱ्या जागी गेले, जिथे त्या वळलेल्या. तिथेही तसाच भुगा.

दादा वाटेवरून बघत होता. त्याने मला खुणेने जवळ बोलावलं. "ओ बाय, त्या कोनाला चुकवतान मधी?"

"झाडाला. पूर्वी होतं तिथे."

दादाचा चेहरा उतरला. "मी नाय यायचू आतमंदी. मी गारीत बसतू." आणि त्या दिवसानंतर तो खरंच कधी आत आला नाही. कितीही ऊन असो, जीपमध्ये बसून राहायचा, काचा वर करून.

जेवताना मी बाईंना विचारलंच. त्यांनी भाकरी खाली ठेवली, मला हाताला धरून उठवलं आणि एका सागापाशी नेलं. "वर बघ. हा सरळ वाढलाय का?"

नव्हता. जरासा बाहेर कललेला. पलीकडचाही कललेला, उलट्या बाजूला. त्याच्या पुढचाही. मधे आभाळाचा एक मोकळा गोल.

"लहानपणी मधे कुणी तरी मोठं उभं होतं. म्हणून हे सरकून वाढले," बाई म्हणाल्या. "ते गेलं. हे अजून सरकलेलेच आहेत. मग मी कोण मधून जाणारी?"

कारण कळलं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. पण त्यानंतर मला तो पट्टा जास्तच नकोसा झाला. जिकडे बघावं तिकडे ते साग कुणाला तरी जागा देऊन उभे दिसायला लागले.

कड्याखालच्या पट्ट्यात मात्र बाई वेगळ्याच होऊन जायच्या. तिथे चढताना हातपाय दोन्ही लावावे लागत. वर पोचलं की उजेड कमी, गारवा, आणि एकाच वेळी दहा तऱ्हेचे वास. आंबटसर, तुरट, ओल्या दगडाचा, कुठे तरी पिकलेल्या फळाचा. अंजनी, हिरडा, कुंभा, नाणा, पायर, भोकर, जांभूळ, आसाणा, आणि अंगावर येणाऱ्या जाड वेली. एका चौकोनाला अख्खा दिवस पुरायचा नाही. माझ्या कागदावर एकाखाली एक तेच नाव पुन्हा येतच नव्हतं. बाई झाडाजवळ जायच्या, सालीवर तळवा ठेवायच्या आणि "हं" म्हणायच्या. "बरं." "हो हो, येते." आपण फोनवर बोलतो ना, समोरच्याचं ऐकू येत नाही दुसऱ्याला, तसं. सुरुवातीला मी कान द्यायचे. मग मुद्दाम लांबच्या कोपऱ्यात काम करायला लागले. मला ऐकू येईल याची भीती वाटायची.

एकदा तिथून उतरताना त्या आपणहून म्हणाल्या, "इथे मला कुणी विचारत नाही गं, एकट्याच राहता का म्हणून."

काम संपलं, बाई निवृत्त झाल्या, मला डोंबिवलीच्या एका कॉलेजात नोकरी लागली. मी अधूनमधून कोपरीला जायचे. एका भेटीत त्यांनी मला दोनदा चहा विचारला आणि दोन्ही वेळा करायचं विसरल्या. पुढच्या भेटीत माझं नाव त्यांना येईना. कपाळाला हात लावून बसल्या आणि मग एकदम म्हणाल्या, "कुंभा!" दोघी हसलो. पण घरी येताना मी रडले. वर्षभरात इतकं वाढलं की त्यांच्या भाच्याने त्यांना आपल्याकडे बाळकुमला नेलं. चौदाव्या मजल्यावर, चांगला मोठा फ्लॅट, भाचेसून स्वभावाने मऊ. जेवण, औषधं, सगळं वेळेवर. संध्याकाळी ती त्यांना खाली फिरायला न्यायची.

तिचाच एकदा फोन आला. "ताई, तुम्ही एकदा येऊन जाल का? मावशी खाली चालताना कशा तरीच चालतात. लोकं बघतात."

मी गेले. जाताना स्टेशनवरून दादाला फोन केलेला, तोही आला. त्याचं घर तिथून जवळच. खाली टॉवरच्या मधल्या मोकळ्या जागेत फरशा बसवलेल्या, कडेने गाड्या, कोपऱ्यात मुलांची घसरगुंडी. बाई चालत होत्या. सरळ चार पावलं, मग अंग चोरून अर्धा गोल, मग पुन्हा सरळ. दोन पोरं त्यांच्या मागून तशीच वळत, खिदळत चाललेली. बाईंना त्याचं काही नव्हतं.

"डोंगराची सवय हो," मी भाचेसुनेला समजावत होते. "तिथे झाडं चुकवत चालायचं ना, तेच डोक्यात राहिलंय."

मग माझं लक्ष दादाकडे गेलं. त्याने माझं कोपर घट्ट धरलं होतं. दुखेल इतकं.

"काय रे दादा?"

"तेथं आमचा उंबर व्हता," तो म्हणाला. "माज्या आज्याच्या बी आधीचा. आनि ती लाल गारी हाय ना, तेथं भोकर. त्याच्या खाली आमचा खला व्हता, भात झोरायचा. ही आमचीच जागा."

"तू सांगितलेलंस त्यांना कधी?"

"मी कशाला सांगू? मना तरी कुठं आठवत व्हता! आता त्या वळल्या तवा आठवला."

डोंगरातल्या वळशाचं कारण बाईंनी मला दाखवलेलं. इथे फरशीच्या खाली सिमेंट होतं आणि त्याखाली गाड्या ठेवायचं तळघर. इथे कललेलं काहीच नव्हतं. आम्ही दोघं तिथे उभे राहून बघत होतो आणि बाई उंबराला वळसा घालून, लाल गाडीपाशी जराशा थांबून, वर मान करून काही तरी म्हणाल्या. आम्हाला ऐकू आलं नाही.

बाई गेल्या त्या पुढच्या हिवाळ्यात. त्याच घरात, झोपेत, काही त्रास न होता. पण कुणी मला त्यांच्याबद्दल विचारलं की मी त्या जाण्याबद्दल सांगत नाही. त्याच्या आधीच्या मे महिन्याबद्दल सांगते.

मे महिन्यात बाई घरातून नाहीशा झाल्या. कचरेवाल्यासाठी दार उघडलं, भाचेसून आत फोन घ्यायला गेली, तेवढ्यात. घरभर, टॉवरभर शोधलं, पोलिसांत कळवलं, स्टेशन, हॉस्पिटलं, कोपरीचं जुनं घर, सगळं बघून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने मला फोन केला तेव्हा त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "अगं, पर्ससुद्धा नेली नाहीये. ऊन किती आहे. त्यांना स्वतःचं नाव सांगता येत नाही."

मी त्याला म्हटलं, "मला माहितीय कुठे असतील." आणि दादाला फोन केला.

दादाने कारण विचारलं नाही, भाच्याला जीपमध्ये घेऊनच आला. कल्याणला मी चढले. मुरबाडच्या स्टँडवर चौकशी केली तर चहावाला म्हणाला, काल एक उंच म्हातारी एसटीतून उतरलेली, कंडक्टरने दया येऊन फुकट आणलेली, आणि डोंगराची वाट धरून निघून गेली. पायथ्याच्या वाडीत करवंदं विकायला बसलेल्या बायांनीही बघितलेलं. "वर गेली. आमी हाक मारली तर बोलली, घरचे वाट बघतायत." वाडीतली चार माणसं आमच्यासोबत निघाली. ती खालच्या ओहोळाच्या बाजूने शोधायला गेली, कारण तहानलेलं माणूस पाण्याकडेच जाणार. पण ओहोळ कोरडा होता, ते त्यांनाही माहीत होतं. भाचा त्यांच्याबरोबर गेला. मी सागाच्या पट्ट्यातून सरळ वर निघाले.

भर दुपार. सागावर एक पान नाही. सावलीच नाही. पायाखाली पानं फुटत होती आणि मी थांबले की मागचा आवाज जरा उशिराने थांबत होता. या वेळी मला भीती वाटायला फुरसत नव्हती. मागे वळून बघितलं तर दादा. चपला हातात घेतलेल्या, घामाने निथळलेला, डोळे जमिनीवर. त्या वळशाच्या दिवसानंतर पहिल्यांदा आत आलेला.

"बाई!" मी ओरडले. "ओ बाई!"

काही नाही. सागाच्या जंगलात हाक लांब जात नाही, तिथल्या तिथे पडते. मी आणखी दोनदा ओरडले. मग त्यांचा नियम आठवला. मी हाक मारली, "वावळ!"

"ओ!"

दादाने आणि मी एकमेकांकडे बघितलं. आवाज बाईंचाच. उजवीकडून आलेला, कड्याच्या टोकाकडून. आम्ही उजवीकडे धावलो. हातापायांनी चढलो. टोकापर्यंत गेलो, तिथे खडक आणि पुढे दरी. कुणी नाही. दादा खाली वाकून बघायला लागला आणि मला त्याच्याकडे बघवेना. परत फिरलो, हाका मारत, त्या जुन्या पट्ट्यातून. आणि बाई सापडल्या त्या पार दुसऱ्या टोकाला, डावीकडे. तिथून त्यांची हाक आम्हाला ऐकू येणं शक्य नव्हतं.

पायर, हिरडा आणि कुंभा जिथे एकमेकांत घुसलेत, त्यांच्या मधल्या जागेत बसलेल्या. पाय लांब केलेले. चपला शेजारी नीट जोडून ठेवलेल्या. कुणाच्या घरी गेल्यावर ठेवतात तशा. डोळे उघडे, चेहरा स्वस्थ. मी मटकन शेजारी बसले. त्यांनी माझा दंड हातात घेतला, त्याच्यावरून तळवा फिरवला, नाक जवळ आणलं. त्या मला ओळखत नव्हत्या. मी कुठलं झाड आहे ते बघत होत्या. मग त्यांनी मान हलवली आणि माझा हात आपल्या मांडीवर ठेवून घेतला.

"बाई, पाणी," मी बाटली उघडली.

त्यांनी दोन घोट घेतले आणि बाटली परत केली. आम्ही चढून आल्यावर आमचेच घसे चिकटलेले, आणि काल सकाळपासून या उन्हात असलेल्या म्हाताऱ्या बाईला दोन घोटांच्या वर पाणी नको होतं. माझ्या लक्षात आलं, त्यांचे ओठ ओले आहेत. पदराचं टोक ओलं आहे. मी आजूबाजूला बघितलं. झरा नाही, डबकं नाही. त्या पट्ट्यात मे महिन्यात पाणी नसतं, मी तिथे मोजणी केलेली आहे.

दादाने त्यांना पाठुंगळी घेतलं. त्या मुकाट्याने गेल्या, त्याच्या मानेभोवती हात टाकून. उतरताना मी मागे होते. सागाच्या पट्ट्यात आल्यावर दादा मोकळ्या जागेत मधेच बाजूला सरकला, अर्धा गोल फिरला, पुन्हा सरळ झाला. थोडं पुढे पुन्हा तसंच. मला वाटलं, बाई त्याला सांगतायत. पण त्या तर झोपून गेलेल्या, गाल त्याच्या खांद्यावर. गाडीपाशी आल्यावर मी त्याला विचारलं, "वळत का होतास रे?"

"मी?" दादा म्हणाला. "मी तं सरल आलू."

कल्याणच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी तपासलं. तरुण मुलगा होता, भला. रिपोर्ट दोनदा बघितला. "अंगात पाणी अजिबात कमी झालेलं नाही," तो म्हणाला. "या वयात, या उन्हात, दीड दिवस. कुणी तरी यांना वेळोवेळी पाणी पाजलंय." भाच्याने वाडीतल्या माणसांना फोन लावला, आभार मानायला. ते म्हणाले, आमच्यापैकी वर कुणी गेलंच नाही. मला ऐनाचं माहीत आहे. उन्हाळ्यात ऐनाच्या खोडात कधीकधी पाणी साठतं, फुगवट्याला खाच मारली की निघतं. जंगलात फिरणारे लोक पितात. पण बाईंकडे साधी टाचणीसुद्धा नव्हती, आणि पुढच्या महिन्यात मी मुद्दाम जाऊन बघून आले. एकाही झाडाला कुठे खाच नव्हती.

त्या संध्याकाळी भाचा औषधं आणायला खाली गेला होता. खोलीत बाई आणि मी. त्या उशीला टेकून बसल्या होत्या आणि कितीतरी महिन्यांनी त्यांची नजर माझ्यावर ठरली होती. मला वाटलं, आत्ता विचारलं नाही तर पुन्हा कधी विचारता येणार नाही.

"बाई," मी म्हटलं, "वर तुम्हाला पाणी कुणी दिलं?"

"सगळ्यांनी," बाई म्हणाल्या. "थोडं थोडं."

मी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"सागाने नाही दिलं," त्या जरा वेळाने म्हणाल्या. आवाज अगदी वर्गात असायचा तसा. "मी मागितलं होतं त्याच्याकडे, जाताना. पण त्याचा राग धरू नकोस हं. किती वर्षं एकटाच उभा आहे तो. द्यायची सवय गेली त्याची."

मग त्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं आणि कुशीवर वळल्या. भिंतीकडे तोंड करून नाही, पलंगाच्या अगदी कडेला, दुसऱ्या कुणाला तरी झोपायला जागा करून देत.